नमुने कुठल्या तारखेला तपासले?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

लातूरच्या स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत तू बोलला नाहीस. चूक माझी. रक्तातल्या जनुकांवरून कॅन्सर ओळखणाऱ्या तुझ्या संगणकी मॉडेलला ८० जणांवर ९६ टक्के अचूकता आली हे तू किती आनंदाने सांगत होतास! सगळ्यांच्या ताटावर मी तारखा विचारायला नको होत्या. आता विचारणार नाही.

पण बघ, ४० कॅन्सरचे नमुने मार्चमध्ये आणि ४० निरोगी जूनमध्ये तपासले असतील, तर मॉडेल आजार नाही, महिना ओळखतंय. तपासणीच्या किटचा लॉट बदलला, आपल्याकडच्या उन्हात रक्त चार तास तसंच राहिलं, की हजारो जनुकांचे आकडे एकदम सरकतात. पीसीएच्या आलेखात, म्हणजे सारखे नमुने जवळजवळ दाखवणाऱ्या चित्रात, ठिपक्यांना तारखेप्रमाणे रंग दे. कॉम्बॅटने, त्या तारखांचा फरक काढणाऱ्या गणिती पद्धतीने, दुरुस्त करीन म्हणशील. पण तारीख आणि आजार एकच झाले असतील तर कुठलंच गणित ते सोडवत नाही. नमुने मिसळून पुन्हा तपासावे लागतात.

दुसरं, २० हजार जनुकांतली कामाची निवडताना सगळे ८० जण वापरलेस का? मॉडेल काही जणांवर शिकवून उरलेल्यांवर तपासतोस, त्या प्रत्येक फेरीत निवड फक्त शिकवणीच्या गटातून हवी. आजारी-निरोगी ही लेबलं ढवळून निवडीपासून सगळं पुन्हा चालव. अचूकता ५० च्या आसपास उतरली पाहिजे. ८० आली, तर उत्तर गळतंय. तू गणिताच्या पुस्तकामागची उत्तरं आधी बघायचास, म्हणून बापूंनी ती पानं सुईदोऱ्याने शिवली होती. तरी फटीतून बघायचास.

पुन्हा शाळा घेतली, माफ कर. तू करतोयस ते आमच्या कुणाच्या हातून झालं नसतं.

आत्याला सोमवारपासून कॅपेसिटाबिन, कॅन्सरची गोळी, आहे. डीपीवायडी जनुकाची तपासणी डॉक्टरांनीच सांगितली. त्या जनुकापासून बनणारं, औषध मोडणारं एन्झाइम कमी असेल तर नेहमीचा डोसही अंगावर येतो, तोंड सोलतं, जुलाब, पांढऱ्या पेशी खाली. पण त्या जनुकातले नेहमी तपासतात ते चार बदल मुख्यतः युरोपीय लोकांवरून ठरलेले. रिपोर्ट स्वच्छ आला तरी मी निर्धास्त नाही. तोंड आलं किंवा जुलाब लागले की गोळ्या थांबवून लगेच फोन करायचा, हे तिच्या डब्यावर लिहून चिकटवलंय. उद्या तुझं मॉडेल अशाच कुणाचा डोस ठरवेल, म्हणून जीव घाबरतो रे.

तिला फोन कर. आणि तारखांची यादी पाठव.

तुझी आई