दोन मिनिटांचं काम

कोल्हापूर,
15 जानेवारी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की रेंज गेली, यावर तुझी आई आणि मी अजून वाद घालतोय. ती म्हणते रेंज. तू ठेवलास हे मला माहीत आहे आणि त्याचा राग नाही. आवाज आधी मीच चढवला होता. म्हणून आज कागद घेतला. चव्हाणांचा नितीन शनिवारी म्युनिकला परत निघालाय. त्याच्या बॅगेत तिळाच्या वड्या, कांदा-लसूण चटणी आणि हे पाकीट ठेवतोय. गच्चीच्या कडेचा विषय काढणार नाही, असं आईला कबूल केलं आहे.

तुझा व्हिडिओ मी गंगावेशीत दूध कट्ट्यावर सगळ्यांना दाखवला. चार मजली इमारत, क्रेनच्या पट्ट्यात लटकलेलं ते हीट पंपाचं करडं युनिट, लांबवर दोन घुमटांचे मनोरे, आणि हातानं खुणा करत ते खाली घेणारा माझा मुलगा. "हा एसीच हाय न्हवं?" कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, एसीच, पण उलटा. बाहेरची ऊब गोळा करून घरात आणतो. "बर्फात कसली आलीय ऊब?" मग काय, मी सुरूच झालो. उणे दहा झालं म्हणून हवेतली ऊब संपत नाही. आतला गॅस त्याहून गार ठेवला की तो त्या हवेतूनही ऊब ओढून घेतो आणि उकळतो. तुम्ही वापरता तो आर-290, म्हणजे साधा प्रोपेनच, मोकळ्यावर उणे 42 ला उकळतो. एक युनिट वीज घातली की तीन युनिट उष्णता मिळते, कडाक्याच्या दिवशी दोनाच्या आसपास. ग्लासातलं दूध निवलं तरी लोक ऐकत होते. तू मला शिकवलेलं मी त्यांना शिकवत होतो. छाती फुगली होती, लपवत नाही.

काम बघून तर जास्तच. युनिटचा स्टँड गच्चीपासून चांगला हातभर वर, म्हणजे बर्फ साठला तरी पंखा बुडायचा नाही. खाली रबर, म्हणजे थरथर खालच्या बिऱ्हाडांपर्यंत जाणार नाही. आणि गच्चीला एक भोक नाही! सगळं काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभं, वारा आला तरी हलायचं नाही. आपल्याकडे स्लॅबला ड्रिल मारून अँकर ठोकतात आणि पहिल्याच वळवात मालकाचा फोन येतो, छत गळतंय म्हणून. अशी किती भोकं मी डांबरानं बुजवली असतील.

घरी येऊन पुन्हा लावला. शेवटी शेवटी कॅमेरा फिरतो तिथं टूलबॉक्सच्या शेजारी केशरी दोर दिसला. गुंडाळलेला. त्याची प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा तोडलेली नव्हती. आणि तू कडेपासून दोन पावलांवर, पाठ कडेकडे करून. कठडा तुझ्या घोट्यापर्यंत येतो.

काढायचा नव्हता विषय. असो.

लहान असताना थंडीत तू सकाळी शाळेच्या आधी उद्यमनगरातल्या दुकानात यायचास आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्या फ्रीजमागची काळी जाळी दोन्ही हातांनी धरून उभा राहायचास. "आण्णा, आत गार तर मागं गरम का?" मी पान्हा न ठेवताच सांगितलं होतं, आतली ऊबच मागून बाहेर येते. तू फ्रीजचं दार उघडून आत हात घातलास आणि बराच वेळ दारातच विचार करत उभा राहिलास. आज तुझं पोट ज्या कामावर चालतंय ते त्या जाळीतूनच निघालं, असं मला वाटतं. आम्ही तेव्हा फ्रीजमध्ये आर-12 गॅस भरायचो आणि उरलेला सरळ हवेत सोडून द्यायचो. त्यानं वरच्या ओझोनचं काय होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही पोरं एक ग्रॅमही सोडत नाही, हे मला फार आवडतं.

आणि ती मिठाच्या कारखान्याची गोष्ट. ऑस्ट्रियात 1850 च्या दशकात रिटिंगर नावाच्या माणसानं मिठाचं पाणी आटवताना उडून जाणारी वाफ पकडली, दाबून आणखी गरम केली आणि तिचीच उष्णता पुन्हा त्या पाण्याला दिली, सरपण वाचावं म्हणून. तू सांगितलंस त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या आज्ज्याचं गुऱ्हाळ डोळ्यांपुढून हलेना. काहिलीत रस रटरटतोय, खाली चुलवाणात माणूस चिपाड सारतोय, आणि वर पांढरी वाफ. आज्जा म्हणायचा, निम्मा जाळ आभाळात जातो बघ. त्याला कळलं होतं, फक्त ती वाफ धरायची कशी ते माहीत नव्हतं. त्याचा पणतू ते काम करतोय. आज्जा मला काहिलीच्या कडेला कधी उभा राहू द्यायचा नाही. दंड धरून मागं ओढायचा, चार पावलं, आणि मगच बोलायचा.

बघ, पुन्हा कडेवरच आलो.

मग आता नीटच लिहितो. तू म्हणालास, इथं सगळं नियमानं चालतं, तुम्हाला नाही कळायचं. मला नियम कळत नसतील, यंत्र कळतं. थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो. शून्याच्या आसपास आणि हवेत ओल असली की जास्तच. मग यंत्र थोडा वेळ उलटं चालतं, कॉइल गरम करतं आणि तो बर्फ पाणी होऊन खाली येतो. निचऱ्याच्या नळीला तुम्ही हीटरची तार लावता, ठीक आहे. पण एखाद्या दिवशी ती तार बंद असेल, तर ते पाणी त्याच गच्चीवर गोठणार, युनिटच्या भोवती, जिथं मेकॅनिक उभा राहतो तिथंच. नवीन बसवताना गच्ची कोरडी असेल. तू जाणार सर्व्हिसिंगला, हिवाळ्यात, हीटिंग बंद पडलंय म्हणून घाईनं बोलावतील तेव्हा. त्या दिवशी तुझ्या पायाखाली काच असेल. आणि सपाट गच्चीवर उजेडासाठी प्लॅस्टिकचे घुमट असतात ना, ते ताज्या बर्फाखाली दिसत नाहीत. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून युनिटजवळ असा घुमट किंवा पाणी खाली जायचं तोंड नको, हे तूच मला समजावलंस. गॅस खाली उतरेल याची काळजी घेणारा माणूस स्वतः खाली जाईल याची का घेत नाही?

हे वाक्य खोडणार होतो. शाळेतल्या मास्तरासारखं झालं. माफ कर. तू आयटीआयला पहिला आलास, डिप्लोमा केलास, रात्री जागून ती भाषा शिकलास, आणि मी तुला दोर बांधायला शिकवतोय. तुझी आई आत्ता मागून वाचून गेली. काही बोलली नाही. फक्त एवढंच म्हणाली की म्युनिक एवढं गार म्हणजे फार उंचावर असेल. मी सांगितलं, नाही गं, समुद्रापासून आपल्या कोल्हापूरएवढंच उंच आहे ते, शहर फक्त उत्तरेला आहे. तिला ते पटलेलं नाही.

रविवारी तू म्हणालास, "आण्णा, दोन मिनिटांचं काम होतं." त्यावर मी ओरडलो. का ओरडलो ते तुला माहीत नाही, कारण मी कधी सांगितलंच नाही.

शिवाकाका गाडीवरून पडला नव्हता.

जून महिना होता, तू दुसरीत होतास. राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर आउटडोअर युनिट बसवून आम्ही खाली आलो होतो आणि नटातून गॅस गळतोय असं वरून सांगणं आलं. भुरभुर सुरू होती. शिवा म्हणाला, "दोन मिनिटांचं काम हाय मालक, आवळतो आन् येतो." मी म्हटलं, जा. दोर दुकानात होता, वजनकाट्यामागच्या पोत्यात. आणायला दहा मिनिटं लागली असती. छज्ज्यावर शेवाळ होतं. मी रस्त्यावर उभा राहून बिल लिहीत होतो. आधी पान्हा पडला. फरशीवर पान्हा पडल्याचा आवाज मला आजही कुठेही ऐकू आला तर मी वर बघतो.

पुढचं तुला दिसतंच, त्याचा पाय. त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. दसऱ्याला सोनं द्यायला येतो, तुझी चौकशी करतो, आणि मी तुला गाडीची गोष्ट सांगत राहिलो, कारण तू मला फार मोठा मेकॅनिक समजत होतास.

काल तो दुकानात आला होता. मी व्हिडिओ दाखवला. फोन दोन्ही हातांत धरून शेवटपर्यंत बघितला, मागं घेऊन पुन्हा बघितला, त्याच जागी थांबला. मग विचारलं, "मालक, पोराला माझं सांगितलंय का?" मी मान हलवली, नाही म्हणून. "मग सांगा की आता," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

म्हणून सांगितलं. तू इकडे आलास की समोर बसून काय विचारायचं ते विचार. तोवर कामावर गेलास की फोटो पाठवत जा. युनिटचा नको, तुझ्या कमरेच्या पट्ट्यात अडकवलेल्या दोराच्या हुकाचा पाठव. रोज नको, गच्चीवर असशील त्या दिवशी.

वड्या वरच्या डब्यात आहेत, चटणीची पिशवी दुहेरी बांधलीय. नितीनला घरी बोलावून जेवू घाल.

शिवाकाकाला तुझा नंबर दिलाय. तो रविवारी फोन करणार आहे. उचल.

तुझा,
आण्णा