भरतीआधी उधारीची वही पाहा

चि. प्रसाद यास आईचे अनेक आशीर्वाद.

शिरोलीच्या शेडमध्ये दुसरी पाळी सुरू करण्यासाठी सहा माणसे कायम घ्यावीत, असे तू फोनवर म्हणालास. ऑर्डर चांगली आहे; परंतु हिशेब माझ्याकडे असल्यामुळे भरतीचा विषय निघाला की मी आधी उधारीची वही उघडते.

नव्या कामाला महिन्याला सहा लाखांचा माल आणि सहा जणांचा मिळून दीड लाख पगार धर. ऑर्डर देणारी कंपनी आपले बिल 75 दिवसांनी चुकते करते आणि धातूचे बार देणारा व्यापारी पैशांसाठी 45 दिवस थांबतो. म्हणजे एकट्या मालापोटी आपले सहा लाख सतत अडकून राहणार. उद्या त्याने मुदत 15 दिवसांवर आणली, तर तेच 12 लाख होतील, आणि वाढलेले सहा लाख म्हणजे या सहा जणांचा चार महिन्यांचा पगार. व्यापाऱ्याला आठवडाभर थोपवता येते, फार तर त्याचा मुनीम रोज फोन करील. पण कंपनीचे पैसे येवोत वा न येवोत, पगार सात तारखेच्या आत, भविष्य निर्वाह निधी 15 तारखेपर्यंत आणि जीएसटी 20 तारखेपर्यंत भरावाच लागतो. उधारी आखडली की लहान कारखानदार प्रथम भरती थांबवतो, ते याचमुळे. मग कायम माणसाऐवजी ठेकेदाराने पाठवलेला मुलगा येतो, बोअर गेज (छिद्राचा व्यास मोजायचे साधन) धरायला शिकतो, मशीनच्या सेटिंगमध्ये हात बसतो न बसतो तोच हजार रुपये जास्त मिळाले म्हणून शेजारच्या शेडमध्ये जातो.

सगळ्यांनाच थोपवता येईल असेही समजू नकोस. आपल्याला ओतीव माल पुरवणारी फाउंड्री उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेली लघुउत्पादक आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार तिचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेली रक्कम आकारणी वर्ष 2024-25 पासून प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी आयकरासाठी खर्चात धरली जाते. निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही.

हाच 2006 चा कायदा उशीर करणाऱ्या कंपनीकडून रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्क आपल्यालाही देतो. मात्र गिऱ्हाइकाला या कायद्याखालच्या तंटे सोडवणाऱ्या परिषदेपुढे खेचून त्याचीच पुढची ऑर्डर मिळवणारा कारखानदार मला अजून भेटायचा आहे. त्यापेक्षा ट्रेड्सचा, म्हणजे लहान उद्योगांच्या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन बाजाराचा, मार्ग बरा. तेथे कंपनीने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात, पैसे काही दिवसांत हाती येतात आणि पुढे कंपनीने थकवले तरी बँक आपल्याकडे मागायला येत नाही.

तेव्हा तूर्त एक सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) आणि एक ऑपरेटर कायम घे. कंपनी आपली बिले ट्रेड्सवर मान्य करील का, हे खरेदी विभागाला विचार आणि व्यापाऱ्याकडून 45 दिवसांची मुदत वर्षभरासाठी लिहून घे. ही दोन्ही उत्तरे हातात आल्यावर उरलेल्या चौघांचे बोलू.

तुझी,
आई