वाढणार आहेत त्या टकरी, ऊर्जा नव्हे

मा. संपादक,
स. न.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील कण-टक्कर यंत्राच्या सुधारणेची बातमी आपण ठळक छापलीत, याचा फार आनंद झाला. मात्र यंत्राची ऊर्जा दहापट होणार, असे त्यात म्हटले आहे, ते बरोबर नाही. प्रोटॉन सध्या १३.६ टीईव्ही (टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जेने धडकतात; ती फार तर १४ पर्यंत जाईल. दहापट व्हायची आहे ती टकरींची एकूण संख्या, तीही मूळ योजनेत धरलेल्या संख्येच्या तुलनेत.

हा फरक किरकोळ नाही. यंत्रात प्रोटॉनचे जथे धावतात. एकेका जथ्यात शंभर अब्जांहून जास्त प्रोटॉन असतात, तरी दोन जथे एकमेकांतून आरपार जाताना जेमतेम पन्नास-साठ टकरी होतात. मूलकणांना वस्तुमान कसे मिळते याच्याशी निगडित असलेला हिग्ज कण तर अब्जावारी टकरींत एखादाच निघतो. म्हणून टकरीच्या जागी जथे आणखी बारीक करायचे आहेत, म्हणजे प्रोटॉन दाटीने येऊन जास्त टकरी होतील. त्यासाठीचे नवे चुंबक नायोबियम-टिनचे आहेत. हा पदार्थ अतिवाहक, म्हणजे अतिशय थंड केल्यावर विजेला विरोधच न करणारा, हे खरे, पण काचेसारखा ठिसूळ. त्यामुळे आधी कच्च्या तारेचे वेटोळे गुंडाळायचे आणि मग ते अख्खे भट्टीत सुमारे ६५० अंशांवर भाजायचे, तेव्हा कुठे आतले नायोबियम आणि कथील एकजीव होतात. त्यानंतर त्याला जरा जरी वाकवले तरी तडा जातो. कित्येक मीटर लांबीची वेटोळी अशी बिनचूक उतरवणे किती अवघड, हे वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट इंदूरच्या वृत्तपत्रात तरी सुटायला नको होती. सर्नच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळाकार बोगद्यात प्रोटॉनना वळवणारे १२३२ मुख्य चुंबक आहेत. प्रत्येक १५ मीटर लांब, वजन सुमारे ३५ टन. ते ज्या जॅकवर टेकले आहेत, एकेका चुंबकाखाली तीन, त्यांची रचना आपल्या कॅटमध्ये, म्हणजे आजच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात झाली. एवढे धूड मिलिमीटरच्या अंशाने सरकवून ओळीत आणायचे, ही त्या जॅकची कामगिरी. २०१२ मध्ये हिग्ज सापडला तो याच चुंबकांतून फिरलेल्या प्रोटॉनमुळे. आताच्या सुधारणेत वर्तुळाचा १.२ किलोमीटरच्या आसपासचाच भाग बदलतो आहे. म्हणजे २०३० मध्ये यंत्र नव्या जोमाने सुरू होईल, तेव्हाही बहुतेक सगळे ओझे इंदूरच्याच जॅकवर असेल.

या कामात हात असलेली मंडळी आता निवृत्तीच्या वयाची झाली आहेत. त्यांच्यापैकी कुणी आमच्या राजेंद्रनगरात किंवा कॅट रोडच्या वसाहतींत राहत असतील, तर आपल्या प्रतिनिधीने त्यांना जरूर गाठावे आणि जॅक कसा घडला, कुठे अडले, काय बदलावे लागले, हे त्यांच्याच तोंडून सविस्तर छापावे. गणेशोत्सवातील व्याख्यानांसाठी मंडळांनीही त्यांना बोलवावे. दहावी-बारावीची मुले समोर बसलेली असताना हे मराठीत ऐकवायला याहून योग्य माणसे इंदुरात मिळणार नाहीत. ऊर्जेबद्दलची दुरुस्ती मात्र उद्याच्याच अंकात यावी, ही विनंती.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
राजेंद्रनगर, इंदूर