कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या रद्दीवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे माहीत आहे. तुमचा पोरगा वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितोय. जुने कॉमिक्स घेतले त्या दिवशी तागडीपाशी गिऱ्हाइकांची गर्दी होती, त्यामुळे आभार मानायचे राहून गेले.

२०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि पत्र्याच्या ट्रंकेतल्या माझ्या सगळ्या इंद्रजाल कॉमिक्सचा लगदा झाला. पूर तुमच्याही दुकानात होता, पण तुमचं एक पोतं माळ्यावर होतं, हे मला पाच वर्षांनी कळलं. आणि खरं सांगायचं तर मी तुमच्याकडे वेताळ, म्हणजे बुरखेवाल्या फँटमचे अंक, मागायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, "वेताळ कवाच गेला. ह्यो टायवाला हाय, बघ."

टायवाला म्हणजे फिल कॉरिगन, गुप्तहेर. लहानपणी दिवसाला चार आण्यांनी अंक भाड्यानं मिळायचे, तेव्हा वेताळ नाही, जादूगार मॅन्ड्रेक नाही, मग नाइलाजानं कॉरिगन, अशी त्याची पायरी. ना बुरखा, ना घोडा, ना जादू. सूट घातलेला माणूस, बँकेत साहेब शोभावा असा. चार आणे फुकट जाऊ नयेत म्हणून वाचायचा.

परवा रात्री तुमच्याकडून आणलेले अकराही अंक एका बैठकीत संपवले आणि त्या चार आण्यांची लाज वाटली. काय चित्रं आहेत हो! दिव्याखाली अर्धा चेहरा काळा, बाकीचं आपण समजून घ्यायचं. ही मुळात अमेरिकन वर्तमानपत्रातली रोजची काळी-पांढरी चित्रपट्टी. १९३४ मध्ये डॅशिएल हॅमेटनं लिहायला आणि अॅलेक्स रेमंडनं काढायला घेतली, तेव्हा नायकाला नावसुद्धा नव्हतं, नुसता 'एक्स-९'. १९६७ पासून १९८० पर्यंत आर्ची गुडविनची कथा आणि अल विल्यमसनची चित्रं. मला भावली ती हीच जोडी. इंद्रजालवाल्यांनी त्या पट्ट्या जोडून, रंगवून पानं केली. रंग कुठे कुठे रेषेबाहेर सांडलाय, कॉरिगनचा कान कोटाच्याच निळ्या रंगाचा झालाय. पण दर तीन-चार चौकटींनी कुणीतरी दार उघडतं नाहीतर दिवा जातो, त्याचं कोडं आता सुटलं. तिथे त्या दिवसाची पट्टी संपायची आणि वाचकाला उद्याचा पेपर घ्यायला लावायचं असायचं! लहानपणी वाटायचं, या माणसाच्या नशिबात दारंच फार.

एका अंकाचं शेवटचं पान नव्हतं. मी तसं सहज बोललो, तक्रार म्हणून नव्हे. जुन्या कॉमिकला शेवटचं पान असणं ही चैनच. आठ दिवसांनी तुमचा फोन आला, "पान घावलं." पोतं पालथं करून, दुसऱ्या अंकाच्या पाठीला चिकटलेलं ते पान तुम्ही ओल्या फडक्यानं सोडवलं होतंत. कोपरा गेलाय, पण अक्षर शाबूत आहे. त्याचे पैसे घेतले नाहीत. अकरा अंकांचे घेतले तेही वजनावर, दहा रुपये. शौकीन लोक एकेका अंकाला शेकड्यांत मोजतात, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं, कारण वेताळ तसाच गेला होता. मी तसं म्हटल्यावर तुम्ही उचकलात, "रद्दी ती रद्दी. तू वाचणार हाईस न्हवं?"

घरी येईपर्यंत मला वाटत होतं, एवढी यातायात तुम्ही माझ्यासाठी केलीत. मग फोन ठेवता ठेवता तुम्ही हळूच विचारलेलं आठवलं, "सापडला का रं त्यो शेवटाला?" म्हणजे माळ्यावर बसून तुम्हीही तो वाचला होतात आणि तुम्हीही तिथेच अडकला होतात, कोण जाणे किती वर्षं.

तेव्हा फोनवर मला माहीतच नव्हतं, आता कळलंय, पण सांगत नाही. रविवारी दुकान बंद करायच्या सुमाराला अंक घेऊन येतो. चष्मा तेवढा पुसून ठेवा, आणि चहा माझ्याकडून.

तुमचा,
टायवाल्याचं गिऱ्हाईक