तलाठी होणाऱ्या लेकीस

8 डिसेंबर 2025

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या सोमवारी तू माण तालुक्यात रुजू होणार. आईने कालपासून चटण्या कुटायला घेतल्यात, घरभर तिखटाचा ठसका आहे. दिवाळीत आपलं बोलणं अर्धवट राहिलं ते मनात घोळतंय. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस, म्हणून लिहायला बसलो.

तू म्हणाली होतीस, "आबा, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलीत आणि टीव्हीवर युद्धाचं काही लागलं की उठून बाहेर जाता. तुम्हाला अभिमान वाटत नाही का?" अभिमान आहे, ताई. 7 मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली तेव्हा मी अंगणात उभा राहून आपल्या पोरांसाठी हात जोडले होते. पहलगामला 26 माणसं मारली गेली, त्यांत आपल्या राज्यातले सहा जण होते. तो हिशेब चुकता व्हायलाच हवा होता. पण 8 तारखेच्या रात्री चॅनेलवाले ओरडायला लागले की कराची बंदर उद्ध्वस्त झालं. असलं काही झालंच नव्हतं. गावातली पोरं फटाके आणायला निघाली. त्याच वेळी वरच्या आळीची म्हातारी आपल्या ओट्यावर येऊन बसली होती. तिचा नातू जम्मूकडे, फोन लागत नव्हता. ती मला विचारत होती, "नाना, कराची म्हंजे आपला पोरगा हाय तिकडंच का?" काय सांगणार? टीव्ही बंद केला आणि तिच्यापाशी बसून राहिलो. 10 तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबला, तरी ती दुसऱ्या दिवशी फोन येईपर्यंत जेवली नाही.

युद्धाबद्दल मोठ्याने बोलणारा आणि युद्धाची वाट बघत ओट्यावर बसणारा ही दोन वेगळी माणसं असतात. माझा संशय पहिल्यावर आहे. सैनिकावर कधीच नव्हता.

का, ते आज सविस्तर सांगतो. शेंगांची पिशवी पाठवणारी काकी तुला माहीत आहे. तिचा नवरा माझ्या युनिटमधला, हेही माहीत आहे. पुढचं तुला कधी सांगितलं नाही.

1999 च्या जूनमध्ये द्रासजवळ तोफगोळा पडला आणि तो गेला. मला पार्थिवाबरोबर पाठवलं. आधीच्या लढायांत घरी नुसती तार यायची, देह तिकडेच अग्नीला दिला जायचा. कारगिलच्या वेळी मात्र 527 जण गेले आणि पेट्या गावोगाव पोहोचल्या. गावात मी दोन पेट्या उतरवल्या. एक त्याची, दुसरी त्याची काळी ट्रंक. ट्रंकेतल्या सामानाची यादी मीच वाचून दाखवली आणि तिची सही घेतली. दाढीचं सामान, ट्रान्झिस्टर, लोकरीचे मोजे दोन जोड, एक न टाकलेलं आंतरदेशीय पत्र. ती बावीस वर्षांची होती, पोर दीड वर्षाचं. तिने यादीवर सही केली आणि मला विचारलं, "भाऊजी, पत्र मी आत्ता वाचू का नंतर?"

शासकीय इतमामात सगळं झालं. बंदुकीच्या फैरी झाल्या, मंत्री आले, भाषणं झाली. रस्ता करू, कमान करू, पोराला शिकवू. कमान वर्षाच्या आत उभी राहिली.

आणि पेन्शन अडकली. कशावरून? नावावरून. तिच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं, जसं आपल्याकडे सगळ्यांचं लिहितात. त्याने ते नाव कौतुकाने युनिटला कळवलं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्या नोंदीचा फौजी हुकूम, निघाली, रेकॉर्डला सासरचं नाव चढलं. शाळेच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकावर माहेरचं. कागदावर बायका दोन झाल्या. कडेवर पोर घेऊन ती अकरा महिने एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरली. प्रत्येक टेबलावर तिला एकच ऐकवलं गेलं, "या दोन्ही तुम्हीच, याला पुरावा काय?" शेवटी अलाहाबादहून पीपीओ, म्हणजे पेन्शनचा मंजुरी हुकूम, आला, तेव्हा तिने तो आधी देव्हाऱ्यात ठेवला.

हे सगळं तिला भोगायला लावणारे शत्रू नव्हते, ताई. आपल्यासारखीच संसारी माणसं होती. प्रत्येकाने नियमाप्रमाणेच काम केलं असं त्याला वाटत होतं.

मग दुसरा घाला आला, तो तुझ्या खात्यातला. 2008 मध्ये तिचे सासरे वारले. जमीन त्यांच्या नावावर होती. थोरल्या दिराने वारसांची यादी दिली, त्यात तीन भाऊ आणि सासू. हिचं नाव नाही, पोराचंही नाही. तलाठ्याने यादी घेतली आणि वारस नोंदवहीत तशीच चढवली. मेलेल्या मुलाची विधवा आणि त्याचा मुलगा हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने पहिल्या वर्गाचे वारस, हे त्या तलाठ्याला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. गावाच्या कमानीवर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं आणि तो रोज त्या कमानीखालून चावडीवर यायचा. त्याने फक्त एक प्रश्न विचारायचा होता, "आणि मधल्याचं कोण?" तो विचारला नाही. एका ओळीची ती चूक प्रांतांकडे अपील करून दुरुस्त व्हायला सहा वर्षं लागली. निवृत्त झाल्यावर शेवटच्या तारखांना मी तिच्याबरोबर जायचो, त्या वेळी तू शाळेत होतीस. आबा सारखे कुठे जातात म्हणून रुसायचीस.

म्हणून तुझ्या नोकरीचा मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गाव तुला तलाठीच म्हणणार, आणि गावाला दिल्लीचं सरकार तुझ्याच टेबलावर भेटणार. यंदा जिवंत सातबाऱ्याची मोहीम निघाली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावायचे म्हणून. चांगली मोहीम आहे. पण घाईत याद्या येतील, आणि याद्या नेहमी घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस घेऊन येतो. तू सुना मोज. माहेरी गेलेल्या मोज. लेकी मोज.

राजकारणाबद्दल तू म्हणालीस की मी एकाच पक्षावर राग धरतो. तसं नाही. 2010 मध्ये कुलाब्याचं आदर्श सोसायटीचं प्रकरण बाहेर आलं. कारगिलच्या वीरपत्नींचं नाव घेत घेत 31 मजले उठले आणि घरं गेली पुढारी, बडे अधिकारी आणि त्यांच्या नातेवाइकांना. काँग्रेसच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. त्यात फौजेतले मोठे साहेब होते, ते मला सगळ्यात जास्त लागलं. ती बातमी आली त्या दिवशी काकी आपल्याकडेच होती. ती एवढंच म्हणाली, "माझं नाव कुणी कुणी वापरलंय, मला कसं कळणार?"

2019 मध्ये पुलवामाला सीआरपीएफचे 40 जवान गेले, बुलढाणा जिल्ह्यातले दोन. निवडणुकीत त्यांचे फोटो किती लागले ते तू पाहिलंस. त्या दलांत 2004 नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शन लागू नव्हती, हे त्या फोटोंखाली कुणी लिहिलं नाही.

आणि अग्निपथ. 14 जून 2022 ला जाहीर झाली तेव्हा मी बातमी दोनदा वाचली. चार वर्षं नोकरी, शंभरातले पंचवीस कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख हातात देऊन निरोप. पेन्शन नाही. आपल्या चुलत्याचा धाकटा पहिल्या तुकडीत लागला. पुढच्या वर्षअखेरीला त्याची चार वर्षं भरत येतील. पोरगा भला आहे, अंगात जोर आहे, सीमेवर उभा राहताना इतरांपेक्षा कमी उभा राहत नाही. पण मुलीकडचे लोक आत्ताच विचारतात, चार वर्षांनंतर काय?

माझी खरी हरकत याच्याही पुढची आहे. तो लढताना गेला तर घरच्यांना 48 लाखांचा विमा मिळतो, 44 लाख सानुग्रह मिळतात, उरलेल्या नोकरीचा पगार मिळतो. एकरकमी आकडा मोठा आहे. 2024 मध्ये संसदेत यावरूनच जुंपली, एक बाजू म्हणे काही दिलं नाही, दुसरी म्हणे कोटभर दिलं. दोन्हीकडचे रकमेवर भांडत होते. कायमचं कुटुंब निवृत्तिवेतन नाही, ही खरी गोष्ट त्या गोंधळात बाजूला पडली. संरक्षणविषयक संसदीय समितीने त्याच वर्षी फेब्रुवारीत सुचवलं होतं की कर्तव्यावर गेलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना नियमित सैनिकाच्या घरच्यांसारखेच लाभ द्या.

एकरकमी पैसा आणि महिन्याची पेन्शन यात काय फरक आहे, ते मी पंचवीस वर्षं काकीच्या घरात पाहिलं. तिला पहिल्यांदा जी एकरकमी रक्कम आली, ती आठ महिन्यांत गेली. सासऱ्यांचं सोसायटीचं कर्ज, नणंदेचं लग्न, दिराची विहीर. तिने विरोध केला नाही, करूच शकत नव्हती. चोवीस वर्षांची विधवा, त्या घरात, कोणाला नाही म्हणणार? पण पेन्शन दर महिन्याला तिच्या खात्यावर येत राहिली. लढाईत गेलेल्या सैनिकाच्या बायकोला त्याच्या शेवटच्या पगाराइतकी मिळते. ती कुणी उसनी मागू शकलं नाही, कारण पुढच्या महिन्याची आज देताच येत नाही. तिच्यावर पोरगा इंजिनियर झाला. तिच्यामुळे सासरच्या घरात तिला चूल मिळाली. पेन्शन म्हणजे नुसता पैसा नव्हे, त्या घरात बाईला उभं राहायला जागा आहे. हे दिल्लीत बसून हिशेब मांडणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल, तर त्याने एकदा कोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही विधवेच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यावा.

काही चांगलं बदलतं हेही मान्य करतो. शौर्यपदक मिळालेल्याच्या विधवेने दिराशी लग्न केलं तरच पदकाचा भत्ता चालू राहायचा, दुसऱ्या कुणाशी केलं की बंद. ही अट 2017 च्या नोव्हेंबरात उठली. पण इतकी वर्षं ती कागदावर होती आणि इतक्या जणांनी तिच्याखाली सह्या केल्या, याचा मला त्रास होतो.

तुझ्या टेबलावर सैनिकांच्या घरांपेक्षा इतर बायाच जास्त येतील. संजय गांधी निराधार योजनेला वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत लागतं, म्हणजे महिना 1,750. आजच्या दिवसात एवढ्यावर कोण जगतं? तू चौकशी अहवालात 22,000 लिहिलेस की ती बाद. खोटं लिही असं तुझा बाप कधी सांगणार नाही. घरात जा, डबे बघ, शेजारणीला विचार, मग लिही. चावडीवर बसून अंदाजाने लिहू नकोस.

लाडकी बहीणचं तर तुला माहीतच आहे. 2024 च्या जुलैपासून 1,500 रुपये सुरू झाले, नोव्हेंबरात विधानसभा झाली, 2,100 करू म्हणाले. त्या 1,500 मुळे आपल्याच आळीत तीन घरी औषधं आली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे योजनेला नावं ठेवत नाही. पण या सप्टेंबरात ई-केवायसी काढली, त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि ओटीपी मागितला. जिचा नवराही नाही आणि बापही नाही, तिने ओटीपी कुणाचा आणायचा? जिला सगळ्यात जास्त गरज, तीच अर्जाच्या चौकटीत बसली नाही. पुढे मृत्यूचे दाखले अंगणवाडी सेविकेकडे द्या असं निघालं, मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. तोवर बायांचे किती हेलपाटे झाले. काकीच्या वेळी "पुरावा काय" विचारणारा माणूस तरी समोर होता, त्याच्याशी भांडता यायचं. आता मोबाइलचा पडदा विचारतो.

काल ध्वजदिन होता. रविवार आल्याने शाळेची पोरं डबे घेऊन फिरली नाहीत. मी शनिवारीच घेतलेला छोटा झेंडा खिशाला लावून चौकात गेलो. 1949 पासून हा दिवस पाळतात. तिघांनी विचारलं, आज काय आहे? मी सांगितलं. वाईट वाटलं, पण राग आला नाही, लोक आपापल्या कामात असतात.

शनिवारी सकाळच्या एसटीने मी दहिवडीला येतोय. गादी, स्टोव्ह आणि पाण्याची कळशी आणतो. खोलीचं भाडं ठरवण्याआधी पाणी रोज येतं का ते विचार. काकीने शेंगा दिल्यात आणि एक काम सांगितलंय. तिच्या सातबाऱ्याचा ताजा उतारा हवाय, पोराचं नाव नीट लागलंय का ते बघायला. तुझा सजा, म्हणजे तुझ्याकडची गावं, यात तिचं गाव नाही, असा उतारा आता ऑनलाइनही निघतो, हे मी तिला समजावून सांगितलं. तरी म्हणाली, "ताईलाच वाचून बघाय सांगा." गट नंबर चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवलाय.

तुझे,
आबा