ताई, तुम्ही पेलेट फेकू दिला नाहीत

आदरणीय ताई,

सविनय नमस्कार.

पेशीपटलातल्या प्रथिनांवर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे आभाराचं पत्र. ते उघड लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं आमच्याच बाकापुरतं राहू नये.

सीएफटीआर, म्हणजे पेशीपटलातून क्लोराइड जाऊ देणारी वाहिनी, हे प्रथिन तसं हट्टीच. १,४८० अमिनो आम्लांची साखळी, पटलातून १२ वेळा आरपार जाणारी. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सर्वाधिक आढळणाऱ्या बदलात ५०८ व्या जागेवरचं फेनिलॲलानिन हे अमिनो आम्ल गळालेलं असतं. प्रथिन बनतं, पण त्याची घडी नीट बसत नाही. मग प्रथिनांची घडी जिथे बसते त्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये ते अडवलं जातं, त्याला ‘मोडा’ अशी खूण करणाऱ्या युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या साखळ्या लागतात आणि प्रोटिएसोम हे पेशीतलं मोडतोड-यंत्र त्याचे तुकडे करतं. ब्लॉटवर, म्हणजे जेलवर आकारानुसार वेगळी केलेली प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, १५० किलोडाल्टनजवळचा अपक्व पट्टा दिसतो, १७० जवळचा पक्व पट्टा जवळपास नसतोच. पट्टा नाही म्हणजे प्रथिन बनलं नाही, बनून मोडलं, की नळीतच हरवलं? हे तीन प्रश्न वेगळे ठेवायला तुम्ही शिकवलंत, त्याबद्दल सर्वांत मोठे आभार.

नळीतलं हरवणं तर किती सहज घडतं! नेहमीच्या सवयीने नमुना ९५ अंशांवर उकळला, की पटलात राहणारे तेलकट भाग एकमेकांना चिकटतात आणि सगळा गठ्ठा जेलमधल्या वेलच्या (नमुना भरायच्या खाचेच्या) तोंडाशीच अडकतो. तुम्ही ३७ अंशांवर अर्धा तास ठेवायला सांगितलंत. तेवढ्याने पट्टे जागेवर आले.

पेलेटचं, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये नळीच्या तळाशी बसणाऱ्या साक्याचंही तेच. १ टक्का ट्रायटन या सौम्य डिटर्जंटने पटल विरघळतं असं सरसकट म्हटलं जातं. पण ४ अंशांवर कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिन ही मेदद्रव्यं जास्त असलेले भाग त्याला दाद देत नाहीत, ते सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी जातात. शिवाय एमजी१३२ देऊन प्रोटिएसोम थांबवला, की न मोडलेलं सीएफटीआर गोळा होऊन अविद्राव्य बनतं. म्हणजे वरचा द्रव तेवढा तपासला तर औषधाचा परिणामच झाला नाही असं वाटतं, आणि सगळा परिणाम बेसिनमध्ये गेलेला असतो. पेलेट १ टक्का एसडीएस या तीव्र डिटर्जंटमध्ये घ्यायचा, डीएनएमुळे चिकट झाला तर ध्वनिलहरींनी डीएनए तोडणारा सोनिकेटर द्यायचा, आणि त्याच जेलवर वरच्या द्रवाशेजारी चालवायचा, हा तुमचा नियम आता कुणी मोडत नाही.

मोडण्याचा वेग मोजताना नवं प्रथिन बनणं थांबवणारं सायक्लोहेक्झिमाइड, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. नमुने ०, ३०, ६० आणि १२० मिनिटांना. औषध खरंच लागू पडलं का, हे त्याच नमुन्यांत सी-मिक हे झपाट्याने मोडणारं प्रथिन बघून ठरवायचं. त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आतबाहेर, म्हणून तासाभरात पट्टा फिका व्हायलाच हवा. तो फिका नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. एमजी१३२ चा १० मिलिमोलर साठा हजारपट पातळ केला की १० मायक्रोमोलर होतो आणि साठा ज्यात विरघळवलेला असतो तो डीएमएसओ ०.१ टक्का उरतो. तेवढाच डीएमएसओ कंट्रोलमध्येही हवा.

एमजी१३२ ने प्रथिन वाचलं म्हणजे ते प्रोटिएसोमच मोडत होता, असा निष्कर्ष तुम्ही आम्हाला काढू दिला नाहीत, हेही विसरणार नाही. प्रोटिएसोम तुंबला की पेशीतलं सुटं युबिक्विटिन संपत जातं आणि लायसोसोम या पेशीतल्या दुसऱ्या मोडतोड-केंद्राकडे जाणारी पटलप्रथिनंही अडू शकतात. म्हणून लायसोसोमचं काम थांबवणाऱ्या १०० नॅनोमोलर बॅफिलोमायसिनचा वेगळा गट हवाच.

युबिक्विटिनच्या साखळ्या बघायच्या असतील, तर लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) १० मिलिमोलर एन-इथाइलमॅलेइमाइड ताजं घालायचं, नाहीतर साखळ्या सोडवणारी एन्झाइम्स बर्फावरही काम करतात. त्या बफरमध्ये प्रथिनांतले गंधकबंध तोडणारं डीटीटी मात्र नको, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. डब्याच्या झाकणावरची ही सूचना तुमच्याच अक्षरात आहे, आणि आम्ही ती तशीच ठेवली आहे.

आपले कृतज्ञ,
पटलप्रथिनांच्या बाकावरचे विद्यार्थी