भाड्याने दिलेली सदोष चेनपुली, चुकीच्या उंचीची गॅन्ट्री आणि अनामत रकमेतून केलेली कपात यांबाबत तक्रार

दिनांक : 16 फेब्रुवारी 2024
जालना

प्रति,
मा. व्यवस्थापक,
उचल-साहित्य भाडे विभाग,
छत्रपती संभाजीनगर

विषय : दि. 8 जानेवारी 2024 रोजी भाड्याने पुरवलेली 3 टनी चेनपुली व गॅन्ट्री यांतील दोष, त्यामुळे झालेले नुकसान आणि अनामत रकमेतून कापलेले 14,500 रुपये परत मिळणेबाबत.

महोदय,

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची गिअरबॉक्स दुरुस्तीची कार्यशाळा असून आमच्याकडे बावीस कामगार आहेत. येथील रोलिंग मिलचे गिअरबॉक्स खोलून, बेअरिंग व गिअर बदलून पुन्हा बसवून देणे हे आमचे नेहमीचे काम आहे. एरवी एक ते दीड टनापर्यंतचा माल आम्ही आमच्याच साहित्यावर उचलतो. जानेवारीत मात्र एका मिलचा मोठा गिअरबॉक्स आला आणि तेवढ्या एका कामासाठी साहित्य विकत घेण्यापेक्षा महिनाभर भाड्याने घेणे शहाणपणाचे वाटले, म्हणून चेनपुली (साखळी ओढून माल उचलण्याचे साधन) आणि ती टांगण्यासाठी गॅन्ट्री (पायांवर उभी राहणारी लोखंडी चौकट) घ्यायला आपल्या कंपनीकडे आलो. हा निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. पुढे जे घडले त्याबद्दल दि. 12 फेब्रुवारीच्या ई-मेलमध्ये आपण सगळा दोष आमच्यावर ठेवला आहे, तो मला मान्य नाही आणि का मान्य नाही ते सविस्तर लिहीत आहे.

दि. 3 जानेवारी रोजी मी आपल्या विक्री प्रतिनिधींशी फोनवर बोललो. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “किती टनाचं पाहिजे?” त्यावर मी माल अंदाजे पावणेतीन टनांचा असल्याचे सांगितले आणि न विचारताही आणखी चार गोष्टी सांगितल्या : शेडच्या छताला आधार देणाऱ्या कैचीची खालची पट्टी जमिनीपासून चौदा फुटांवर आहे, गिअरबॉक्स तीस इंच उंचीच्या लोखंडी स्टँडवर चढवायचा आहे, त्याचे उचलण्याचे कान, म्हणजे बेल्ट अडकवायच्या कड्या, तळापासून चार फुटांवर आहेत आणि दोन कानांमधील अंतर साडेतीन फूट आहे. हीच मापे मी त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवरही पाठवली, त्यांवर दोन निळ्या खुणा आल्या आणि “ओके सर, 3 टनाचा सेट पाठवतो” असे उत्तर आले. माझ्या दृष्टीने या तक्रारीचे मूळ त्या उत्तरात आहे, कारण वजनाखेरीज मी दिलेले एकही माप निवड करताना कोणी विचारात घेतले नाही.

दि. 8 जानेवारीला रात्री आठच्या सुमारास साहित्य आले. गॅन्ट्री दहा फुटांची होती, म्हणजे तिच्या आडव्या गर्डरची खालची बाजू जमिनीपासून दहा फुटांवर येत होती. त्या गर्डरखाली तिच्यावर सरकणारी ट्रॉली आणि चेनपुली लावली की हुक कितीही वर ओढला तरी आठ फुटांच्या पुढे जात नाही, कारण पुलीचे अंगच मधले दोन फूट खाते. आता हिशेब पाहावा. स्टँड तीस इंचांचा, त्यावरून माल सहज सरकण्यासाठी सहा इंच मोकळे, म्हणजे गिअरबॉक्सचा तळ तीन फुटांवर आणि कान सात फुटांवर. कानांपासून हुकापर्यंत उरतो जेमतेम एक फूट. साडेतीन फुटांवर असलेल्या दोन कानांना एका फुटाच्या उंचीवरून माल उचलायचे बेल्ट लावायचे म्हणजे ते जवळजवळ आडवे पडतात आणि जमिनीशी त्यांचा कोन सुमारे 30 अंशांचा होतो.

बेल्ट आडवा पडला की काय होते, हे या धंद्यातल्या माणसाला सांगण्याची गरज नसावी, तरी आपल्या ई-मेलमध्ये याच मुद्द्यावर गल्लत झाली असल्यामुळे लिहावे लागते. दोन बेल्ट 60 अंशांच्या कोनात असतील तर प्रत्येकावर एकूण वजनाच्या साधारण 58 टक्के ताण येतो. कोन 30 अंशांवर आला की प्रत्येक बेल्टवर पूर्ण वजनाइतका ताण येतो. आमचा गिअरबॉक्स दि. 6 जानेवारी रोजी वजनकाट्यावर भरलेल्या व रिकाम्या गाडीच्या फरकाने 2,780 किलो भरला असून त्याची पावती माझ्याकडे आहे. म्हणजे आपल्या सेटमधील प्रत्येक बेल्टवर 2,780 किलोचा ताण येणार होता, आणि आपण पाठवलेले बेल्ट हिरवे, म्हणजे दोन टनांचे होते. त्यांपैकी एकाचे लेबलही फाटून गेलेले होते.

ही गोष्ट सर्वप्रथम आमच्या फिटरच्या लक्षात आली. तीस वर्षे हेच काम करणाऱ्या या माणसाने पहिल्याच दिवशी माल दोन इंच उचलून पाहिला, पुन्हा खाली ठेवला आणि मला म्हणाला, “मालक, बेल्ट लई आडवा व्हायलाय, असं उचलायचं न्हाई.” त्याने शेजारच्या कारखान्यातून चार टनांचे करडे बेल्ट मागून आणले. आपले हिरवे बेल्ट आम्ही त्यानंतर वापरलेच नाहीत. ते जसे आले तसेच परत गेले आणि परतीच्या चलनावर त्यांना “ठीक” असा शेरा आपल्याच माणसाने मारलेला आहे.

आता मुख्य घटना. गुरुवार, दि. 11 जानेवारी रोजी दुपारी गिअरबॉक्स लाकडी स्लीपरवरून सुमारे दोन फूट उचलला होता आणि हातसाखळी सोडून फिटर स्टँड जवळ आणत होता. कोणाचाही हात साखळीवर नसताना माल आपोआप चारेक इंच खाली आला, क्षणभर थांबला आणि मग हातसाखळी स्वतःच उलटी फिरू लागून तो थेट स्लीपरवर जाऊन बसला. जाताना त्याच्या आउटपुट शाफ्टचे टोक स्टँडच्या कडेवर आपटले. टांगलेल्या मालाखाली कोणी जायचे नाही, हा नियम आमच्याकडे कडकपणे पाळला जातो म्हणून कोणालाही इजा झाली नाही. स्टँड आणखी हातभर पुढे गेला असता, तर त्याला धरून असलेला फिटर कोठे असता, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ करत होतो.

त्याच दिवशी सव्वातीनला मी आपल्या सेवा क्रमांकावर फोन केला. शुक्रवारी माणूस येईल असे सांगण्यात आले, शुक्रवारी शनिवार सांगण्यात आला आणि शनिवारी संक्रांत आडवी आली. आपले तंत्रज्ञ अखेर मंगळवारी, दि. 16 रोजी आले. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही, उलट या प्रकरणात आपल्याकडून खरे बोललेला तो एकच माणूस आहे. त्यांनी आमच्यासमोर पुलीचे बाजूचे कव्हर उघडले. आतल्या ब्रेकच्या घर्षण चकत्या तेलाने माखलेल्या होत्या. चेनपुलीमध्ये माल धरून ठेवण्याचे काम या चकत्या आणि त्यांना जोडलेले रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारे दातेरी चाक) करतात, आणि त्या कोरड्या असतील तरच धरतात. साखळीला तेल द्यायचे असते, चकत्यांना नाही. मागील दुरुस्तीत कोणीतरी सढळ हाताने ग्रीस भरले असावे, असे ते म्हणाले आणि सेवा अहवालात “फ्रिक्शन डिस्कला तेल, डिस्क बदलणे” असे लिहून खाली सही केली. चकत्यांची छायाचित्रेही आम्ही त्याच वेळी मोबाइलवर काढून ठेवली आहेत.

आपल्या दि. 12 फेब्रुवारीच्या ई-मेलमध्ये या अहवालाचा उल्लेखही नाही. त्यात असे म्हटले आहे की बेल्टचा कोन चुकीचा ठेवल्यामुळे पुलीवर क्षमतेपेक्षा जास्त भार आला, ब्रेक निकामी झाला आणि म्हणून दुरुस्तीचे 14,500 रुपये अनामत रकमेतून कापण्यात आले. हे विधान मुळातच चुकीचे आहे. कोन कमी झाल्याने वाढतो तो बेल्टमधला तिरपा ताण. त्यातला उभा भाग माल पेलतो आणि आडवा भाग दोन्ही बाजूंनी एकमेकांविरुद्ध ओढत तिथल्या तिथे फिटतो. 30 अंशांवर प्रत्येक बेल्टच्या ताणाचा निम्माच भाग उभा असतो, म्हणजे दोन बेल्टचे दोन निम्मे मिळून हुकावर पुन्हा 2,780 किलोच येतात. बेल्ट आणि शॅकल (जोडकड्या) धरूनही हा भार तीन टनांच्या आतच राहतो. कोन कसाही असला तरी मालाचे वजन वाढत नाही आणि हुकाला त्या कोनाची खबर नसते. शिवाय कोन “चुकीचा” झाला तो आपण पाठवलेल्या गॅन्ट्रीमुळे.

आणि ती गॅन्ट्री टाळता आली असती, याचा पुरावाही आपणच दिला आहे. दि. 20 जानेवारीला आपण बदली चेनपुलीबरोबर, माझ्या आग्रहावरून, बारा फुटांची गॅन्ट्री पाठवली. ती आमच्या चौदा फुटी शेडमध्ये विनातक्रार उभी राहिली. हुक दहा फुटांवर गेला, कानांपासून त्याची उंची तीन फूट झाली, कोन 60 अंशांचा आला आणि प्रत्येक बेल्टवरचा ताण 1,600 किलोंच्या आसपास राहिला. या उंचीवर आपले हिरवे बेल्टसुद्धा पुरले असते. काम एका दिवसात झाले. ही बारा फुटी गॅन्ट्री 8 जानेवारीलाही आपल्या गोदामात होती, हे आपल्या चालकानेच सांगितले.

कागदपत्रांविषयीही लिहिणे भाग आहे. पहिल्या चेनपुलीवर उत्पादकाची मूळ पट्टी नव्हती, त्या जागी पांढऱ्या रंगाने “3 टन” असे हाताने लिहिलेले होते. सोबत आलेल्या तपासणी प्रमाणपत्राच्या छायाप्रतीवर मार्च 2022 ही तारीख होती आणि त्यातील अनुक्रमांक पुलीवर कोरलेल्या अनुक्रमांकाशी जुळत नव्हता. आज, फेब्रुवारी 2024 मध्ये, लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 नुसार उचलण्याची यंत्रे, साखळ्या व बेल्टसारखी साधने दर बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्णपणे तपासलेली असावी लागतात आणि त्यांवर सुरक्षित कार्यभार ओळखचिन्हासह स्पष्ट नोंदलेला असावा लागतो. या कायद्याचा रोख आधी माझ्यावर आहे, कारण कारखाना माझा आहे, हे मला ठाऊक आहे. रात्री आठला गाडी उतरवून घेताना मी अनुक्रमांक ताडून पाहिला नाही ही माझी चूक आहे आणि ती मी नाकारत नाही. तसे पाहिले असते तर पुली त्याच गाडीतून परत पाठवली असती. पण माझ्या या चुकीमुळे आपल्या चकत्या कोरड्या होत नाहीत.

“ग्राहकाने साहित्य तपासून ताब्यात घेतले आहे” या चलनावरील छापील ओळीवर आपण बोट ठेवले आहे. बंद कव्हरच्या आतली चकती बाहेरून दिसत नाही आणि भाड्याची पुली खोलून पाहण्यास आपल्याच अटींमध्ये मनाई आहे. त्यापुढे, भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 150 प्रमाणे भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे घेणाऱ्याचे जे नुकसान होते त्याला देणारा जबाबदार असतो, मग तो दोष त्याला ठाऊक असो वा नसो. आपल्या गोदामात ग्रीस कोणी भरले, हे शोधत बसण्याची गरज मला म्हणूनच वाटत नाही.

माझी मागणी अशी आहे. कापलेले 14,500 रुपये परत करावेत. दि. 11 ते 20 जानेवारी या नऊ दिवसांचे, साहित्य निरुपयोगी असतानाही आकारलेले भाडे दररोज 800 रुपयांप्रमाणे 7,200 रुपये परत करावे. मिलच्या तगाद्यामुळे दि. 18 रोजी गिअरबॉक्स शेडबाहेर काढण्यासाठी हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलवावी लागली, दाराचे पत्रे काढल्याखेरीज तिचा बूम, म्हणजे उचलण्याचा लांब हात, आत येईना, त्या चार तासांचे 6,000 रुपये आणि शाफ्टचे टोक लेथवर दुरुस्त करून घेण्याचे 8,000 रुपये मिळावेत. एकूण 35,700 रुपये होतात. वस्तू व सेवा कराची वजावट आम्हाला मिळते, म्हणून कराची रक्कम यात धरलेली नाही. वाया गेलेली मजुरी आणि मिलमालकाची ऐकून घेतलेली बोलणीही धरलेली नाहीत, त्यांची पावती मिळत नाही.

रकमेखेरीज दोन गोष्टींचे लेखी उत्तर हवे आहे. पहिली, ती पुली आज कोठे आहे आणि चकत्या बदलून, तपासणी होऊन मगच ती पुढच्या ग्राहकाकडे गेली आहे का. दुसरी, मागणी नोंदवताना आपले प्रतिनिधी यापुढे वजनाबरोबर छताची उंची, माल किती वर न्यायचा ते आणि कानांमधील अंतर विचारणार आहेत का. फोनवर ही तीन मापे टिपून घ्यायला दोन मिनिटे पुरतात.

वजनकाट्याची पावती, व्हॉट्सअॅप संदेशांची प्रत, आपल्या तंत्रज्ञांचा सेवा अहवाल, चकत्यांची व पुलीवरील अनुक्रमांकाची छायाचित्रे, हायड्रा व लेथकामाची बिले सोबत जोडली आहेत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम व उत्तर न मिळाल्यास वकिलामार्फत नोटीस पाठवीन आणि तपासणी प्रमाणपत्राची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे सादर करीन.

आपला,
(सही)
मालक, गिअरबॉक्स दुरुस्ती कार्यशाळा,
औद्योगिक वसाहत, जालना